चाकवताचा बांध

सर्व वनस्पतींचं मूळ एक आहे, आणि जो हे मूळ शोधतो तो माणसामाणसांतले भेदही पुसून टाकतो.

हे वाक्य मी बीड जिल्ह्यात एका महाविद्यालयाच्या फाटकावर वाचलं. मोठ्या फ्लेक्सच्या अगदी खालच्या पट्टीत ते केशरी अक्षरांत छापलेलं होतं. वरच्या भागात संस्थेचे अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, आणि दोघांच्या मधोमध राजगिऱ्याचं एक भरघोस रोप अशा बेताने छापलं होतं की दोघांना एकमेकांचं तोंड दिसू नये. ही रचना छापणाऱ्याच्या हातून सहज झाली असावी असं मला तेव्हा वाटलं. चार दिवसांनी तसं वाटेनासं झालं.

मी वनस्पतिशास्त्रातला नाही. आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतली हस्तलिखितं तपासतो. डॉ. वैशाली जाधव यांचं रानभाज्यांवरचं एक बाड असंच माझ्याकडे आलं होतं. त्या या महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे जितके तास, तितकी नोकरी. उन्हाळ्यात नोकरी नाही. त्यांनी महाविद्यालयाच्या मागच्या पडीक तुकड्यावर एका वनस्पती-गणाची बाग उभी केली होती. विद्यापीठाची समिती ती पाहायला येणार होती. समितीने बाग मान्य केली तर विभागाला एक कायमची जागा मिळणार होती, आणि त्या जागेवर वैशालीबाईंचाच हक्क होता. समिती नापास करून गेली तर पुढच्या वर्षापासून तासही राहणार नव्हते. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "सर, पाट्यांचं मराठी तेवढं बघून द्या. चूक राहायला नको."

जानेवारीचा महिना होता आणि हुरड्याचं आश्वासन होतं. मी पुण्याहून निघालो.

सोमवार, बीडच्या वाटेवर

पाटोद्याला एक गृहस्थ गाडीत चढले आणि माझ्या शेजारी बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत जिवंत कोंबडा. कोंबड्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याविषयीचं कुतूहल संपवलं. गृहस्थांचं संपलं नाही.

"कुठं निघालाव?"

"तलवाड्याच्या अलीकडे. एका कॉलेजात झाडांच्या पाट्या तपासायच्यात."

"झाडाला पाटी कावून लागती?"

"नाव कळावं म्हणून."

"कुनाला? झाडाला का मानसाला?"

मी म्हणालो, माणसाला. त्यांनी विचार केला. "ज्याला झाडाचं नाव ठावं न्हाई, त्यानं झाडाकडं कावून जावं?" लिंबागणेश आलं तेव्हा बोलण्यात खंड न पाडता त्यांनी गणपतीच्या दिशेने हात जोडले, कोंबड्याची मानही त्या बाजूला वळवली, आणि मांजरसुंब्याला उतरताना मला सल्ला दिला: "पाट्या मोठ्या करा. लोक झाड न्हाई वाचत, पाटी वाचत्यात." बागेबद्दलचं इतकं नेमकं मत मला नंतरही कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

पालीजवळ बिंदुसरेच्या धरणात पाणी बऱ्यापैकी होतं. गाडीतल्या निम्म्या लोकांनी खिडकीतून ते मोजून घेतलं. आमच्याकडे धरणातल्या पाण्याचा आकडा वर्तमानपत्रात वाचतात. इथे लोक स्वतः बघतात आणि आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत.

रात्री बीडला मुक्काम. खानावळीत बाजरीची भाकरी आणि भाजल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी. आमटी पहिल्या घासाला सौम्य वाटली. दुसऱ्या घासाला वाटली नाही.

मंगळवार, बाग

वैशालीबाई चाळिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला शांत, आणि पायात गमबूट. साडीवर गमबूट घालणारी दुसरी विदुषी मी पाहिलेली नाही. आधी प्राचार्यांच्या खोलीत माझा सत्कार झाला: शाल, नारळ, फेटा आणि बीडहून मागवलेला पुष्पगुच्छ. फेटा बांधणाऱ्याने माझं डोकं मोठं असल्याचं जाहीर केलं, आणि फेटा बागेपर्यंत पोचेपर्यंत दोनदा डोळ्यांवर आला. पुण्यात पाहुण्याला पाणी विचारतात की नाही यावर वाद आहे. इथे पाहुणा बुडेपर्यंत त्याचं स्वागत करतात.

बाग चांगली होती. चांगली म्हणजे खरोखर. गणाचं शास्त्रीय नाव कॅरिओफायलेलीज. महाविद्यालयात हे नाव तीन माणसांना उच्चारता येतं, बाकीचे त्याला 'मॅडमचा गण' म्हणतात. मला या गणाची माहिती नव्हती, पण ओळख निघाली. पालक, बीट, माठ, तांदुळजा, राजगिरा, चाकवत, चुका, घोळ, मायाळू, म्हणजे मंडईची अर्धी पालेभाजी यात येते. पत्रीतला आघाडा यात. दारातली गुलबक्षी, कुंपणावरची बोगनवेल, रस्त्याकडेची पुनर्नवा, वैद्याचा चित्रक यात. आणि फड्या निवडुंग, आणि हल्ली मोसंबी काढून लोक जे लावतात ते ड्रॅगन फ्रूटही.

"पालक आणि निवडुंग एका घरचे, हे कोणत्या आधारावर?" मी विचारलं.

"तोंडावर जाऊ नका सर," त्या म्हणाल्या, आणि बीटाचा एक काप, बोगनवेलीचं पान आणि तांदुळजाचा लाल देठ माझ्या तळहातावर चुरडला. तिन्हींचा रंग सारखा उतरला. बहुतेक फुलांचा लाल-जांभळा रंग एका जातीच्या द्रव्याचा असतो, या गणातल्या बहुतेकांचा वेगळ्याच द्रव्याचा. शिवाय बियांतला अंकुर वाकलेला असतो, शिवाय गुणसूत्रांतली अक्षरं जुळतात. "दिसायला काही असो, पूर्वज एक आहे. वर्गीकरण म्हणजे तेवढंच. कोण कुणासारखा दिसतो ते नाही, कोण कुणापासून आला ते."

तळहात दोन दिवस लाल राहिला. इतकं पटणारं व्याख्यान मी पुण्यात ऐकलेलं नाही.

गणात कुलं असतात, आणि बागेत प्रत्येक कुलाला एक वाफा होता. ज्या कुलावरून अख्ख्या गणाला नाव पडलं त्या कार्नेशनच्या कुलाचा वाफा तेवढा रिकामा होता. बीडच्या उन्हात कार्नेशन तीनदा लावलं, तीनदा गेलं. वाफ्यात फक्त पाटी उभी होती. मुख्य सोडून सगळे हजर, हे दृश्य मला सभांमधून परिचयाचं होतं.

मग मी पाट्या वाचू लागलो, आणि खरी अडचण लक्षात आली. प्रत्येक वाफ्याला देणगीदार होता. पाटीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत देणगीदाराच्या वडिलांचं नाव, त्याखाली देणगीदाराचं, त्याखाली पद, आणि उरलेल्या जागेत वनस्पती. राजगिरा कुलाचा वाफा अध्यक्ष नानासाहेबांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता. शेजारचा चाकवत कुलाचा वाफा उपाध्यक्ष तात्यासाहेबांनी आपल्या वडिलांच्या. नानासाहेब आणि तात्यासाहेब सख्खे चुलतभाऊ. त्यांच्या वडिलांच्या हयातीत जमिनीची वाटणी झाली तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. संस्थेच्या सभेत ते बसतात, पण मध्ये सचिव बसतो, आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला सचिव सांगतो.

"आता हे बघा," म्हणत वैशालीबाईंनी विद्यापीठाचं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की चाकवत कुल हे आता स्वतंत्र कुल मानलं जात नाही, त्याचा समावेश राजगिरा कुलात झालेला आहे. तरी भेटीपूर्वी वाफ्यांची तशी पुनर्रचना करावी, अन्यथा बाग कालबाह्य वर्गीकरणावर आधारित असल्याची नोंद घ्यावी लागेल. भेट गुरुवारी होती.

"हे तुम्हांला आधी माहीत नव्हतं?"

"होतं की. पहिल्या दिवसापासून." त्यांनी गमबुटाने माती दाबली. "पण देणगीदार दोन होते आणि कुल एक. एकाला दिलं असतं तर दुसऱ्यानं बाग होऊ दिली नसती. मग म्हटलं, जुनी पद्धत काय वाईट होती."

शास्त्रात जुन्या पद्धती का टिकून राहतात याची जी कारणं मी पुस्तकांतून वाचली आहेत, त्यांत हे नव्हतं.

दोन वाफ्यांमध्ये असतो तो वरंबा. पण वाफ्यांचे मालक वेगळे असले की त्याला बांध म्हणतात, आणि हा बांधच होता. राजगिऱ्याच्या बाजूला खुरपायला नानासाहेबांनी ठेवलेल्या कौसाबाई होत्या, चाकवताच्या बाजूला तात्यासाहेबांचा धोंडिबा. कौसाबाई दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायच्या; यंदा गुडघ्याने जाऊ दिलं नाही, लेक आणि सून गेले. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडं ऊस लई हाय म्हनं. तुमच्या घरापसून दिसतो का?"

"नाही हो. आमच्या घरापासून समोरची इमारत दिसते."

"मंग काय कामाचं," त्या म्हणाल्या आणि खुरपू लागल्या.

मी बांध बघत होतो. जेमतेम एक वीत रुंद होता. वैशालीबाई म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी घातला तेव्हा दोन फूट होता. मी धोंडिबाला विचारलं.

"पावसानं झिजला," धोंडिबा म्हणाला.

"दोन्हीकडून?"

"पाऊस काय एका अंगानं पडतो व्हय?"

नंतर मी पाहत राहिलो. कौसाबाई बांधाला लागून गवत काढताना खुरपं बोटभर आत घालत होत्या. पलीकडून धोंडिबाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला त्यातून काही मिळणार नव्हतं. शेजाऱ्याच्या बांधाशी काम करताना हात असाच चालतो. याला इथे कुणी चोरी म्हणत नाही. जो कोरत नाही त्याला मात्र बावळट म्हणतात. आमच्या सोसायटीत बांध नाही, पार्किंगची पांढरी रेघ आहे. ती दरवर्षी नव्याने रंगवताना ब्रश कुणाच्या हातात आहे यावर लक्ष ठेवायला लोक रजा काढतात.

दुपारी जेवण नानासाहेबांकडे. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, आणि लोण्याचा गोळा इतका मोठा की त्यालाही फेटा बांधता आला असता. नानासाहेबांनी हात धुतल्यावर विषय काढला.

"मॅडम, ह्ये चाकवत आमच्यात आनायचं कुनी ठरवलं?"

"शास्त्रज्ञांनी, साहेब. डीएनए तपासून."

"कुठले?"

"निरनिराळ्या देशांतले आहेत."

"त्यात तात्याच्या वळखीचा कोन हाय का?"

वैशालीबाई म्हणाल्या, नसावा. नानासाहेबांचं समाधान झालं नाही. "तसं आमी आडवं येनार न्हाई. येऊ द्या चाकवत. पन पाटी आमच्या वडिलांची ऱ्हाईल."

संध्याकाळचा चहा तात्यासाहेबांकडे. तिथे चहाबरोबर तेच वाक्य उलटं आलं. "नानाचा चाकवतावर पहिल्यापसून डोळा हाय. सर, तुमी लिहिनारे मानूस, तुमीच सांगा. आमचा चाकवत त्यांच्या राजगिऱ्यात कावून? त्यांचा राजगिरा आमच्या चाकवतात कावून न्हाई?"

"नियम आहे तसा," वैशालीबाईंनी सांगितलं. "दोन कुलं एक झाली की ज्याचं नाव आधी ठेवलं गेलं ते राहतं."

"म्हंजी थोरला."

"तसं म्हणा."

"वाटनीत बी असंच झालतं," तात्यासाहेब म्हणाले. "थोरल्यानं वरची जमीन घेतली. आता वाफा बी घ्या." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की बांधाला कुणी हात लावला तर सभेत त्यांचा विषय निघेल. त्यांचा म्हणजे मॅडमचा. जागा कुणाला द्यायची ते शेवटी संस्थाच ठरवते.

परतताना जीपमध्ये वैशालीबाईंनी हिशेब मांडला: बांध ठेवला तर समिती जाणार, काढला तर संस्था. फाट्याशी उतरताना म्हणाल्या, "घरी सांगितलंय की या वेळी नक्की होईल. नऊ वेळा सांगितलंय तसं."

बुधवार, पाणी

सकाळी मी चहाचा कप घेऊन बागेत उभा होतो. उद्या समिती येणार म्हणून दोन्ही मालकांनी आपापल्या माणसाला पहाटेच ताकीद दिली होती: आपला वाफा हिरवागार दिसला पाहिजे. त्यापुढचा भाग कुणी बोललं नव्हतं, पण दोघांनाही कळला होता: दुसऱ्यापेक्षा. कौसाबाईंनी राजगिऱ्यात पाण्याची नळी सोडली. ते पाहून धोंडिबाने चाकवतात सोडली. कौसाबाईंनी तोटी आणखी फिरवली. धोंडिबानेही.

दोन्ही वाफे काठोकाठ भरले. मधला वीतभर बांध दोन वर्षं दोन्हीकडून कोरलेला, आत घुशीने केलेलं बीळ. तो आधी ओला झाला, मग फुगला, मग काहीही आवाज न करता बसला. चाकवताचं पाणी राजगिऱ्यात गेलं, राजगिऱ्याचं चाकवतात, आणि दोन्ही पाट्या हळूहळू कलून एकमेकींवर पडल्या. माझ्या आयुष्यात शास्त्रीय पुनर्रचना डोळ्यांदेखत होताना मी एवढी एकच पाहिली. तिला सुमारे दोन मिनिटं लागली.

अर्ध्या तासात दोन जीपा आल्या, दोन दिशांनी. सचिव बीडला गेला होता, त्यामुळे भावांना मध्ये माणूस नव्हता. त्यांनी माझी निवड केली.

"ह्यांना इचारा, बांध कुनी कोरला," नानासाहेब मला म्हणाले.

"ह्यांना सांगा, त्यांच्या बाईला इचारा," तात्यासाहेब मला म्हणाले.

"म्या कोरला न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "म्या माझ्या अंगाची कड साफ केली."

"म्या बी कडच साफ केली," धोंडिबा म्हणाला.

"दोन वर्सं कड साफ करतूस व्हय बे? बांध खाल्लास सगळा," नानासाहेब धोंडिबाला म्हणाले.

"मालक, त्या बी खातच व्हत्या. म्या थांबलो असतो तर तिकडूनच सगळा गेला असता."

हा मुद्दा दोन्ही बाजूंना बिनतोड वाटला. मग नानासाहेब म्हणाले की संध्याकाळपर्यंत बांध परत घाला, आणि तात्यासाहेब म्हणाले की घाला, पण मूळ जागी. मूळ जागा कोणती यावर दोघांची बोटं दोन ठिकाणी गेली. मधलं अंतर साधारण दोन फुटांचं होतं.

तेव्हा वैशालीबाई चिखलात उतरल्या. "बांध घालायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पाहिजे तर मला काढा. पण उद्या समितीपुढं मी खोटं उभं करणार नाही. आधी एकदा केलंय, तुमच्या दोघांसाठी." त्यांनी एका हातात तांदुळजाचं रोप उपटलं, दुसऱ्या हातात चाकवताचं, आणि दोन्हींच्या सुकल्या तुऱ्यांतून चिमूटभर बी तळहातावर काढलं. बारीक, काळं, चकचकीत. "वेगळं करून दाखवा."

नानासाहेबांनी चष्मा लावला. तात्यासाहेबांनी लावला. दोघं एकाच तळहातावर वाकले, बहुधा वाटणीनंतर पहिल्यांदाच इतक्या जवळ.

"ह्यांचा आजा एकच आहे," वैशालीबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं दोन घरं झाली, एवढंच."

माझं काम पाटीचं होतं, आणि माझा नाश्ता व्हायचा होता. मी म्हणालो, "मग पाटीवर आजोबांचंच नाव घाला. तुमच्या दोघांच्या. एकच लागेल."

हे मी शहाणपणातून बोललो नाही. दोन वडिलांची नावं एका ओळीत मावत नव्हती, आणि ओळ मोडली तर कुणाचं वर कुणाचं खाली हा प्रश्न येणार होता. मुद्रितं तपासणाऱ्याला ओळ मोडायला आवडत नाही.

मग तात्यासाहेब, माझ्याकडे न बघता, थेट म्हणाले, "कोंडाजीबाबाचा फोटू तुझ्याकडं हाय का?"

"न्हाई. फ्रेम हाय," नानासाहेब म्हणाले. "फोटू तुमच्याकडं आला वाटनीत."

असं झालं होतं. आजोबांच्या एकुलत्या एका तसबिरीवरून वाटणीच्या दिवशी वाद झाला तेव्हा पंचांनी शिसवी चौकट थोरल्याला आणि आतला फोटो धाकट्याला दिला होता. चौकटीत सध्या तिरुपती होते. फोटो कपाटात, गुंडाळी करून.

"आजा बरा मानूस व्हता," कौसाबाई खुरपं धुता धुता म्हणाल्या. "माझी सासू सांगायची. बांध कोरायचा, पन इचारून."

गुरुवार, समिती

वाफ्याच्या पाटीचा फ्लेक्स रातोरात तलवाड्याहून छापून आला. कोंडाजीबाबांचा फोटो गुंडाळीच्या घड्यांसकट मोठा केला होता, त्यामुळे बाबांच्या कपाळावर नदीसारख्या दोन रेघा आल्या होत्या. दोन कोपऱ्यांत दोन नातू. दोन्ही चेहरे सारख्या मापाचे असल्याची खात्री दोन्ही घरांतून माणूस जाऊन पट्टीने करून आला होता. तळाशी, शोधलं तर सापडेल अशा अक्षरांत, 'राजगिरा कुल, चाकवतासह' असं होतं. ते मराठी मी तपासलं. निर्दोष होतं.

समितीत तीन जण होते. त्यांचा सत्कार झाला, फेटे झाले, दीपप्रज्वलन झालं, अध्यक्षांचं भाषण झालं, उपाध्यक्षांचं तितक्याच मिनिटांचं भाषण झालं. मग बाग. समितीप्रमुख सावलीसावलीने चालले. जुळवलेल्या वाफ्याशी थांबून त्यांनी मान डोलावली. "उत्तम. संस्थांना हे पटवणं अवघड जातं. तुम्ही कसं जमवलंत?"

"पाणी जरा जास्त झालं, सर," वैशालीबाई म्हणाल्या.

त्यांना हा विनय वाटला. पुढे ते कौसाबाईंशी बोलले, एकेका रोपाकडे बोट दाखवून. कौसाबाई न अडखळता सांगत गेल्या: ही ताकातली, ही डाळीतली, ही बाळंतिणीला, ही नुसती शेळीला, अन् ह्ये काटेवालं कशालाच न्हाई, कुंपनाला. समितीतल्या एका बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांनी घेतलेली तेवढी एकच नोंद मी पाहिली.

कार्नेशनच्या रिकाम्या वाफ्याशी आलो तर वाफा रिकामा नव्हता. लाल-गुलाबी फुलं ताठ उभी होती. "वा, इथे कार्नेशन आणलंत?" समितीप्रमुख म्हणाले. ती फुलं माझ्या ओळखीची होती. मंगळवारी ती मला मिळाली होती. शिपायाने गुच्छ सोडून एकेक देठ मातीत खोचला होता, फक्त एका देठावरचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहिला होता.

वैशालीबाई लाल झाल्या, तांदुळजासारख्या. "नाही सर. ही खोचलेली आहेत. इथे ते जगत नाही."

समितीप्रमुखांनी वाकून प्लास्टिक बघितलं. "आमच्याकडेही जगत नाही," ते म्हणाले. "आम्ही मात्र पाटीच काढून टाकली." आणि चालू लागले. बागेची पाहणी एकूण अकरा मिनिटांत संपली. हुरडा अडीच तास चालला.

हुरड्याबद्दल थोडक्यात: आगटीतून काढलेली गरम कणसं हातावर चोळायची, फोलपटं फुंकायची आणि चटणीबरोबर तोंडात टाकायची. माझे हात भाजले. शेजारी नानासाहेब आणि तात्यासाहेब एकाच आगटीशी बसले होते, मध्ये सचिव. सचिवाला काही काम नव्हतं. तो खात होता.

परतल्यावर

मार्चअखेर वैशालीबाईंचं पत्र आलं. बाग मान्य झाली. जागा मंजूर झाली आणि त्यांची नेमणूक झाली. घरी दहाव्यांदा सांगायची वेळ आली नाही. फ्लेक्स अजून उभा आहे. कोंडाजीबाबांच्या पुण्यतिथीला दोन्ही घरांतून हार येतात, वेगवेगळ्या वेळी.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की काही शास्त्रज्ञ चाकवत कुल पुन्हा वेगळं मानू लागले आहेत, आणि त्यांची कारणंही दुबळी नाहीत. हे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. संस्थेला कळवलेलं नाही.

मी लगेच उत्तर लिहून कळवायची घाई करू नका असं सांगितलं, आणि वाफा सध्या कसा आहे ते विचारलं. त्यांनी एका ओळीत कळवलं. राजगिरा आणि चाकवत दोन्ही उन्हाने गेले, आणि समिती येऊन गेलीच आहे म्हणून कौसाबाईंनी सगळ्या वाफ्यात मेथी लावली आहे.

मेथी या गणात येत नाही.